अतिनील निर्देशांक

सूर्यकिरणांतील अतिनील भागाने माणसाची त्वचा किती भाजू शकेल, हे सांगणारा आकडा. (मराठी विश्वकोशात या किरणांना 'जंबुपार' म्हटले आहे, शब्द देखणा, पण बोलण्यात रुळला नाही.) हा निर्देशांक १९९२ मध्ये कॅनडात प्रथम वापरात आला. पुढे जागतिक आरोग्य संघटना व जागतिक हवामान संघटना यांनी जगभरासाठी त्याची एकच पद्धत ठरवली.

मापन : उन्हाचा चटका बसतो तो दृश्य व अवरक्त किरणांमुळे, अतिनील किरण अंगाला कळतच नाहीत, म्हणून यंत्र लागते. मोकळ्या गच्चीवर ठेवलेल्या मापकाचा घुमट क्वार्ट्झचा असतो. साधी काच २८० ते ३१५ नॅनोमीटर तरंगलांबीचे 'ब' किरण बहुतांशी अडवते, आणि मोजायचे असतात मुख्यतः तेच. घुमट वरचेवर पुसावा लागतो. धूळ किंवा पक्ष्याची विष्ठा पडली की आकडा उतरतो. प्रत्येक तरंगलांबीला तिच्या दाहकतेनुसार वजन देतात : २९८ नॅनोमीटरच्या मानाने ३२८ नॅनोमीटरचे वजन सहाशेहून अधिक पटींनी कमी. अशा भारित बेरजेचे दर चौरस मीटरला २५ मिलिवॉट म्हणजे निर्देशांक १. तो ३ झाला की टोपी, पूर्ण बाह्या व सनस्क्रीन यांचा सल्ला देतात. ११ व त्यापुढे धोका पराकोटीचा.

ऋतुमान : सूर्य जितका माथ्यावर, तितकी किरणांची ओझोन थरातील वाट आखूड. त्यामुळे मेलबर्नमध्ये मे ते ऑगस्ट, म्हणजे तिथल्या हिवाळ्यात, हा आकडा बहुधा ३ च्या खालीच राहतो, तर त्याच ऑस्ट्रेलियातील डार्विनला दुपारी तो बारा महिने ३ च्या वर. तेव्हा सबंध देशाला एकच सल्ला देऊन भागत नाही. मेलबर्नच्या हिवाळ्यात ड जीवनसत्त्वासाठी थोडे ऊन घ्या असेच सांगावे लागते.

पुण्यात सूर्य वर्षातून दोनदा बरोबर डोक्यावर येतो : मेच्या मध्यास आणि जुलैअखेर. दुसरी वेळ पावसाळी ढगांत हरवते. मात्र ढग पातळ असेल तर नव्वद टक्क्यांहून अधिक किरण आरपार येतात. उंचीनेही भर पडते, दर हजार मीटरला साधारण दहा टक्के. मे महिन्यात उकाड्याला कंटाळून महाबळेश्वर गाठणाऱ्याला वारा गार लागतो, पण निर्देशांक पुण्याहून चढाच असण्याचा संभव.