मंत्री नसलेल्या माणसाची कारकीर्द

आमच्या पिंपळवंडीत कुणा पुढाऱ्याचे नाव निघाले की पहिला प्रश्न ठरलेला असतो: मंत्री होते का? समाजवादी नेते एस. एम. जोशी कधीच मंत्री नव्हते. आमदार होते, 1967 साली पुण्यातून खासदार झाले, पण सत्तेची खुर्ची त्यांनी घेतली नाही. जन्म मात्र आपल्याच तालुक्यातला, जुन्नरचा, 12 नोव्हेंबर 1904 चा. सुधारक वृत्तीच्या राजकारण्यांचा अभ्यास करू पाहणाऱ्या वाचकाचे स्वागत मी त्यांच्याच नावाने करतो. पदांची यादी बाजूला ठेवून कारकीर्द वाचायची सवय त्यांच्यामुळे लागते.

विरोधकांशी सगळेच भांडतात. हा माणूस आपल्याच लोकांच्या विरोधात कधी उभा राहिला, ते आधी शोधावे. 1929 साली पुण्यातल्या पर्वतीचे मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून सत्याग्रह झाला, तेव्हा सनातन्यांचे दगड झेलणाऱ्या बाजूला पंचविशीतले, ब्राह्मण घरातले एस. एम. होते. बेचाळीसच्या चळवळीत दाढी वाढवून, ‘इमाम अली’ बनून ते भूमिगत राहिले. ते किस्से रंजक आहेत, पण अभ्यासकाने तिथे फार रेंगाळू नये. 1956 साली संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली आणि सरचिटणीस म्हणून त्यांनी कम्युनिस्टांपासून शेतकरी कामगार पक्षापर्यंत सगळ्यांची मोट बांधली. 30 नोव्हेंबर 1957 रोजी नेहरू प्रतापगडावर शिवरायांच्या पुतळ्याच्या अनावरणाला आले, तेव्हा काळी निशाणे घेतलेला प्रचंड जमाव वाटेवर उभा होता. चिडलेला जमाव जमवणे सोपे, आवरणे कठीण. ती निदर्शने शांततेत पार पडली, हे मला एस. एम. यांच्या निवडणुकीतल्या विजयांहून मोठे वाटते.

ज्या महाराष्ट्राने त्यांना डोक्यावर घेतले, त्याच महाराष्ट्रात पुढे मराठवाडा विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचे नाव द्यावे असे म्हटल्याबद्दल त्यांच्या गळ्यात चपलांचा हार पडला. वय सत्तरीच्या पुढे गेले होते. भूमिका बदलली नाही.

1 एप्रिल 1989 रोजी एस. एम. गेले. त्यानंतर दोनच आठवड्यांनी, 15 एप्रिलला, बीजिंगमध्ये चीनच्या कम्युनिस्ट पक्षाचे सुधारक वृत्तीचे माजी सरचिटणीस हू याओबांग वारले. सांस्कृतिक क्रांतीत चिरडल्या गेलेल्या असंख्य माणसांना त्यांनी पुन्हा मानाने उभे केले होते. विद्यार्थ्यांच्या आंदोलनाबाबत मवाळ राहिल्याचा ठपका ठेवून जानेवारी 1987 मध्ये त्यांना सरचिटणीसपद सोडायला लावले गेले. त्यांच्या शोकासाठी तिआनमेन चौकात विद्यार्थी जमले आणि पुढचे सारे जगाने पाहिले. दोघांची तुलना जपून करावी. हू सत्तेच्या गाभ्यात राहून माणसे सोडवत होते, एस. एम. सत्तेबाहेर राहून. हूंचा निकाल पक्षाच्या बंद दाराआड लागला, एस. एम. यांचा भर सभेत.

वाचनाची सुरुवात ‘मी एस. एम.’ या आत्मचरित्राने करावी आणि मग आणखी मागे, आपल्याच तालुक्यातल्या ओतूरला जावे. 1880 च्या दशकात तिथल्या सत्यशोधकांनी भटजीवाचून लग्ने लावली आणि गावजोशांनी त्यांना कोर्टात खेचले. या मातीतल्या सुधारणेचा तो कागदोपत्री पुरावा आहे. कागद मात्र थांबतील. समितीच्या सभा स्वतः ऐकलेली माणसे आता ऐंशी-नव्वदीत आहेत, म्हणून वही घेऊन आधी त्यांच्या ओसरीवर बसावे.