एंजिनाची बैठक

अहमदनगर जिल्ह्याच्या – ज्यास २०२४ पासून अहिल्यानगर असें नांव मिळालें आहे त्या जिल्ह्याच्या – इतिहासाविषयीं बोलावयाचें म्हटलें म्हणजे निजामशाही, चांदबिबी आणि भुईकोट किल्ला यांपासून आरंभ करावा असा प्रघात पडून गेला आहे. आज मी त्या वाटेनें जाणार नाहीं. ज्या नगर-मनमाड रस्त्यावर आमची शिर्डी वसलेली आहे, त्या रस्त्यानें धांवलेल्या मालमोटारींच्या पोटांत काय काय उलथापालथ झाली, तेवढीच श्रोत्यांस सांगण्याचा माझा विचार आहे.

दौंड-मनमाड लोहमार्ग १८७८ सालीं सुरू झाला. शिर्डीस येणारा यात्रेकरू कोपरगांवच्या स्टेशनावर उतरे आणि टांग्यानें अगर बैलगाडीनें पुढें येई. शिर्डीस स्वतःचें स्टेशन मिळावयास २००९ साल उजाडावें लागलें. दरम्यान गोदावरीचे कालवे आले, १९२६ सालीं भंडारदऱ्याचें धरण पुरें झालें, ऊंस वाढला, आणि लोणीच्या प्रवरा सहकारी साखर कारखान्यानें १९५०-५१ च्या हंगामांत पहिलें गाळप केलें. ऊंस, गूळ आणि साखर यांची वाहतूक एकट्या बैलांच्या खांद्यावर पेलणारी नव्हती. रस्त्यावर मालमोटार आली ती या गरजेपोटीं.

ती मोटार बहुतेक पेट्रोलची. युद्धकाळीं, १९४१ सालीं, पेट्रोलचें नियंत्रण सुरू झालें तेव्हां गाड्यांच्या मागें कोळशाच्या वायूच्या भट्ट्या लटकूं लागल्या. गाडी चाले, पण चढावर दम टाकी. युद्ध संपल्यावर १ जून १९४८ रोजीं नगर-पुणें मार्गावर राज्य परिवहनाची पहिली गाडी धांवली. ती बेडफर्ड बनावटीची, लांकडी सांगाड्याची होती. त्या आरंभींच्या वर्षांत परिवहनाच्या ताफ्यांत शेव्हरोले, फोर्ड, स्टुडबेकर, मॉरिस, अल्बियन, लेलँड, कॉमर, फियाट, सेडन अशा दहा बनावटींच्या गाड्या होत्या. यांपैकीं सेडनच्या गाडीस पर्किन्सचें डिझेल एंजिन असे, हें येथें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे.

फ्रँक पर्किन्स यानें इंग्लंडांतील पीटरबरो येथें १९३२ सालीं आपला धंदा मांडला. सुमारें पावणेपांच लिटरचें त्याचें ‘पी-सिक्स’ हें सहा सिलिंडरांचें एंजिन १९३७ च्या सुमारास निघालें. पेट्रोलचें एंजिन काढून त्याच्या जागीं बसवितां यावें, अशाच मापाचा हेतु त्यांत होता. पुढें १९५० नंतरच्या दशकांत मद्रासच्या सिंप्सन कंपनीनें हीं एंजिनें आपल्या देशांत बनविण्यास आरंभ केला. चासी धड, मागचा आंस धड, पण एंजिन झिजलेलें आणि पेट्रोलचा खर्च अंगावर येणारा, अशा स्थितींत नवी गाडी घेण्याची ऐपत नसलेल्या मालकास हा एक मार्ग मोकळा झाला. बायकोचे दागिने गहाण टाकून घेतलेली गाडी मोडींत घालावयाची कीं तिला दुसरें हृदय बसवावयाचें, असा तो प्रश्न होता.

आतां खरी मेख पुढेंच आहे. एंजिन विकत मिळतें, पण त्याची बैठक विकत मिळत नाहीं. ती त्या त्या गाडीपुरती घडवावी लागते. आमच्याकडील मिस्त्री या बैठकीस ‘फाउंडेशन’ म्हणतात, आणि मला तो शब्द फार समर्पक वाटतो. जुन्या काळीं एंजिनाचे चार पाय चासीस घट्ट बोल्टांनी आवळीत. खाचखळग्यांत चासी पिळवटली कीं एखादा पाय तडके. म्हणून तीन ठिकाणीं आधार देण्याची पद्धत आली. चार पायांचें टेबल उंचसखल जमिनीवर डुगडुगतें, तिवई कधीं डुगडुगत नाहीं. कारण एका रेषेंत नसलेल्या तीन बिंदूंतून एकच प्रतल जातें. भूमितीच्या तासाला हें उदाहरण मी वर्षानुवर्षें दिलें, आणि मोटार चालविणाऱ्यांच्या मुलांना तें इतरांच्या आधीं कळे.

पुढची पायरी रबराची. १९३१ सालीं क्रायस्लर कंपनीनें आपल्या प्लिमथ गाडींत पुढचा आधार उंच आणि मागचा गिअरपेटीखालीं सखल ठेवला. दोहोंस जोडणारी रेषा एंजिनाच्या गुरुत्वमध्याजवळून जाईल अशी योजना केली, आणि मध्यें रबर घातलें. एंजिन त्या रेषेभोंवतीं पाळण्यासारखें झुलूं लागलें आणि थरथर बैठकींतच जिरूं लागली. डिझेलला तर याची गरज अधिकच. पेट्रोलच्या एंजिनांत त्या काळीं मिश्रण सहा-सात पट दाबलें जाई. डिझेलमध्यें नुसती हवा सोळा पट अगर त्याहून अधिक दाबावी लागते. एंजिन जड, ठोके दणकट. शिवाय पहिल्या गिअरमध्यें चढ चढतांना एंजिनाचा पीळ अनेक पटींनी वाढतो, आणि त्याची सारी प्रतिक्रिया फाउंडेशनवर येते. भरलेली गाडी कसारा घाटांत असतां तें सुटलें, तर पुढें काय होईल हें सांगावयास नको.

म्हणून जाणता मिस्त्री आधीं चेन कप्पीला एंजिन टांगून ठेवी आणि मापें घेई. पंखा रेडिएटरला लागतो काय? पाटा पूर्ण दबला असतां पुढचा आंस तेलाच्या टाकीस भिडतो काय? स्टिअरिंगची पेटी आड येते काय? मग गिअरपेटी. ती नुसती एंजिनाच्या पाठीस लोंबत ठेवली तर बेल हाउसिंगला तडा जातो. तिच्याखालीं चासीची आडवी पट्टी योग्य जागीं सरकवून घ्यावी लागते. त्याहून नाजूक बाब कोनाची. प्रोपेलर शाफ्टच्या एका टोकाचा क्रॉस तिरपा फिरला कीं शाफ्ट प्रत्येक फेऱ्यांत किंचित् पुढें-मागें धांवतो. दुसऱ्या टोकाचा कोन तेवढाच असला तर ही चूक तेथें फिटते. नसला तर गाडी गुणगुणूं लागते आणि कांहीं महिन्यांत क्रॉस व बेअरिंगें खाऊन टाकते. कोनमापक हातांत न धरलेली माणसें ओळंबा आणि दोरी यांवर हें साधीत, याचें मला आजही नवल वाटतें.

नगरच्या रणगाडा संग्रहालयांत, जें १९९४ सालीं उघडलें, शर्मन जातीचा रणगाडा आहे. युद्धाच्या घाईंत अमेरिकेनें या एकाच जातीच्या धडांत विमानाचें एंजिन, जोडीनें बांधलेलीं दोन डिझेलें, फोर्डचें आठ सिलिंडरी आणि क्रायस्लरचें पांच एंजिनें एकवटून केलेलें तीस सिलिंडरी, अशीं नाना एंजिनें बसविलीं. क्रायस्लरचें मावेना, तेव्हां धडच लांब केलें! आमच्या मिस्त्र्यास ही चैन परवडणारी नव्हती. त्यानें चासीच्या उभ्या पोटांत भोकें पाडावीं, वरच्या-खालच्या ओठांत पाडूं नयेत, हा नियम तो पाळी. कारण भाराचा ताण ओठांवरच अधिक असतो.

आतां जुन्या गाड्या हौसेनें सांभाळणारे लोक हेंच काम नव्यानें करीत आहेत. त्यांनी १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम आधीं वाचावें. परवानगीवांचून एंजिन बदलणें अंगलट येतें. आणि एक बारीक गोष्ट. फाउंडेशनचे बोल्ट एंजिनाचें पुरें वजन रबरावर बसल्यानंतरच शेवटचे आवळावे, आणि एंजिनापासून चासीपर्यंत तांब्याची जाड पट्टी जोडावी. रबरांतून वीज जात नाहीं. ती पट्टी विसरली तर स्टार्टरचा प्रवाह क्लचच्या अगर अॅक्सिलरेटरच्या तारेंतून वाट काढतो, आणि तार लाल होते.