अफगाणिस्तानातील परिचर्या व प्रसाविका शिक्षण

अफगाणिस्तानातील परिचारिका व प्रसाविकांचे शिक्षण राजकीय संघर्षामुळे वारंवार खंडित झाले आहे. पहिल्या तालिबान राजवटीत (१९९६–२००१) मुलींच्या शिक्षणावर बंदी होती. २००२ च्या सर्वेक्षणात दर लाख जिवंत जन्मांमागे सुमारे १,६०० मातामृत्यू आढळले. त्यानंतर सामुदायिक प्रसाविका अभ्यासक्रम सुरू झाला. विद्यार्थिनी गावाच्या संमतीने निवडावी व शिकून तिने तेथेच काम करावे, हे त्याचे मुख्य तत्त्व. शहरात शिकलेल्या प्रसाविका दुर्गम खेड्यांत जाण्यास सहसा राजी नसत. म्हणून हे तत्त्व इमारती-उपकरणांहून मोलाचे ठरले. डिसेंबर २०२२ मध्ये विद्यापीठांची दारे स्त्रियांना बंद झाली, तरी आरोग्य संस्थांतील हे वर्ग चालू होते. डिसेंबर २०२४ मध्ये तेही थांबवण्यात आले. स्त्रीरुग्णाला पुरुषाने तपासणे अनेक भागांत अमान्य असल्याने, निवृत्त होणाऱ्या प्रसाविकांची जागा पुरुष कर्मचारी भरून काढू शकत नाहीत.