सातपुड्याच्या अलीकडे, पलीकडे

रावेरहून बऱ्हाणपूर किती जवळ! बाजार तिकडे, सोयरिकी तिकडे. पण कायदा होण्याची वाट मात्र वेगळी.

मध्य प्रदेशात एकच सभागृह, विधानसभा. गुजरातेतही तसंच. १ मे १९६० ला मुंबई राज्याचे दोन भाग झाले, तेव्हा विधान परिषद महाराष्ट्राकडे राहिली. म्हणून आपल्याकडे विधेयक दोन्ही सभागृहांत जातं. परिषदेला ते कायमचं अडवता येत नाही. शेवटचा शब्द विधानसभेचाच.

मग परिषदेचा उपयोग काय? रोजगार हमी आठवा. ती कल्पना वि. स. पागे यांची, आणि ते परिषदेचे सभापती होते. १९७७ साली तिचा कायदा झाला. काम मागणं ही याचना राहिली नाही, हक्क झाला. खडी फोडणाऱ्या, बांध घालणाऱ्या बायांच्या हाती मजुरी आली. २००५ साली देशानंही तशी हमी कायद्यात आणली.

परिषदेतले काही आमदार निवडताना जिल्हा परिषदेच्या सदस्यांना मत असतं. तुमच्या गावची ताई सदस्य असेल, तर तिला विचारा, "ताई, तुमचं मत कोणाला? आणि आमच्या पाण्याबद्दल तिथे बोलणार कोण?"