निरोगी बेणे आणि अल्पभूधारक : ऊस व रताळे यांचा तुलनात्मक ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना :
ऊस कांडीपासून आणि रताळे वेलाच्या तुकड्यापासून लावले जाते. त्यामुळे बेण्यातील रोग पुढील पिकात उतरतो. घरचे किंवा शेजाऱ्याचे बेणे अल्पभूधारकास स्वस्त पडते. परंतु उतारा हळूहळू घटतो आणि दोष जमिनीला किंवा पावसाला दिला जातो. निरोगी बेणे अल्पभूधारकांपर्यंत कोणत्या परिस्थितीत पोहोचते, याचा ऊहापोह प्रस्तुत लेखात केला आहे.

उसाचा अनुभव :
कोईमतूर येथे १९१२ साली ऊस पैदास केंद्र व पाडेगाव येथे १९३२ साली संशोधन केंद्र स्थापन झाले. नव्या वाणांनी उत्पादन वाढले, तथापि बेण्यातून रोगही पसरले. गवताळ वाढीचा रोग महाराष्ट्रात १९४९ च्या सुमारास नोंदला गेला. त्यावर ५४ अंश सेल्सिअस तापमानाच्या बाष्पयुक्त उष्ण हवेत अडीच तास बेणे ठेवण्याची प्रक्रिया प्रचलित झाली. मूलभूत, पायाभूत व प्रमाणित अशी बेण्याची त्रिस्तरीय साखळी उभी राहिली. मांजरी येथील वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट (स्थापना १९७५) आणि सहकारी कारखान्यांनी ती शेतापर्यंत नेली. कारखान्याला उसाची गरज होती. म्हणूनच तो बेणेमळे राखू शकला, उधारीवर बेणे देऊन ऊसबिलातून वसुली करू शकला. तंत्राइतकेच महत्त्व या आर्थिक व्यवस्थेला आहे.

रताळ्याची स्थिती :
तिरुवनंतपुरम येथे १९६३ साली केंद्रीय कंदपीक संशोधन संस्था स्थापन झाली. ऊतिसंवर्धनाने विषाणूमुक्त वेल तयार करता येतात. चीनच्या शांडोंग प्रांतात १९९० च्या दशकात असे वेल शासकीय संस्थांनी वाढवून वाटले. १९९८ पर्यंत रताळ्याच्या सुमारे ८० टक्के क्षेत्रावर ते पोहोचले व उत्पादन सुमारे ३० टक्क्यांनी वाढले. आपल्याकडे आषाढी एकादशी व महाशिवरात्रीला रताळ्याला मागणी असते, परंतु माल खुल्या बाजारात विकला जातो. बेण्याचा खर्च उचलून तो वसूल करू शकेल असा एक मोठा खरेदीदार नाही.

पोखर्णीचा संदर्भ :
नृसिंह मंदिरासाठी प्रसिद्ध असलेले पोखर्णी परभणी तालुक्यात आहे. १९७२ साली स्थापन झालेल्या कृषी विद्यापीठाचे मुख्यालयही परभणीलाच आहे. जायकवाडीच्या डाव्या कालव्यामुळे जिल्ह्यात ऊस वाढला. येथील अल्पभूधारकाने ऊस लावला तर बेण्यासाठी कारखान्याचे दार ठोठावता येते. रताळे लावले तर शेजाऱ्याच्या बांधावर जावे लागते. विद्यापीठ जवळ असणे आणि बेणे हाती पडणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

निष्कर्ष :
अल्पभूधारक नवे बेणे नाकारतो, हा समज वरील तुलनेत टिकत नाही. निरोगी बेणेही काही हंगामांत पुन्हा रोगग्रस्त होते. ते ठरावीक काळाने बदलावेच लागते. म्हणून एकदाचे वाटप पुरेसे नाही. गावाजवळचा बेणेमळा, परवडणारी किंमत आणि पीक हाती आल्यावर फेडीची सोय या तिन्ही गोष्टी रताळ्यासाठी बचतगट किंवा शेतकरी उत्पादक कंपनीमार्फत उभ्या करता येतील. कारखान्याने उसासाठी जे केले, ते कारखाना नसलेल्या पिकासाठी कोण करणार, हाच खरा प्रश्न आहे.