निश्चल देहातील साद

निश्चल पडलेल्या रुग्णास अभ्यंग देऊन आम्ही निघू लागलो की, नातलगांपैकी कोणीतरी दाराशी हटकून विचारते, ‘‘फादर, त्यांना ऐकू येतं का हो?’’ या प्रश्नाचा पाठपुरावा विज्ञानही दीर्घकाळ करीत आले आहे.

१९२४ साली जर्मनीतील येना येथे हान्स बर्गर या मनोविकारतज्ज्ञाने मानवी मेंदूतील विद्युत स्पंदने कवटीवरून टिपली. १९२९ साली त्याने ती प्रसिद्ध केली, तेव्हा फारसा कोणाचा विश्वास बसला नाही. पुढे १९३४ साली केंब्रिजच्या एड्रियन यांनी त्यांस दुजोरा दिला.

१९७२ साली जेनेट व प्लम या वैद्यद्वयाने एका विचित्र अवस्थेचे वर्णन केले. रुग्णाचे डोळे उघडतात, झोप व जाग यांचे चक्र चालते. जाणिवेचे चिन्ह मात्र दिसत नाही. तिला त्यांनी दिलेल्या इंग्रजी नावात वनस्पतीचा ध्वनी आहे. तो आम्हांस नेहमीच बोचला आहे. मनुष्य कितीही जर्जर झाला तरी तो ‘वनस्पती’ होत नाही, असे पोप जॉन पॉल दुसरे यांनी मार्च २००४ मध्ये बजावले होते.

दोनच वर्षांनी, २००६ साली, केंब्रिजच्या एड्रियन ओवेन यांनी अपघातानंतर पाच महिने प्रतिसादहीन असलेल्या २३ वर्षांच्या एका तरुणीस एमआरआय यंत्रात ठेवून सांगितले : ‘तू टेनिस खेळते आहेस, अशी कल्पना कर.’ नंतर, ‘आपल्या घरातील खोल्यांतून फिर.’ निरोगी माणसाच्या मेंदूचे जे भाग अशा वेळी उजळतात, तेच तिचेही उजळले. देह हलला नाही. आज्ञा मात्र पाळली गेली! रुग्णाच्या उशाशी जमिनीच्या वाटणीवरून वाद घालणाऱ्यांनी हे अवश्य ध्यानी घ्यावे.

परंतु ते अवजड यंत्र खाटेपाशी आणता येत नाही. म्हणून डोक्यावर विद्युतअग्रांची टोपी घालून, ‘उजवी मूठ आवळण्याची कल्पना करा’, असे सांगायचे व मेंदूचा आलेख संगणकाकडून वाचून घ्यायचा, ही रीत पुढे आली. २०११ साली ओवेन यांच्या गटाने अशा १६ रुग्णांपैकी तिघांत प्रतिसाद आढळल्याचे जाहीर केले. २०१३ साली इतर संशोधकांनी तीच माहिती निराळ्या गणिताने तपासून त्या निष्कर्षास आव्हान दिले. हा वाद आवश्यकच होता. आईबापांच्या आशेशी गाठ असता हिशेब कच्चा राहून चालत नाही.

२०१९ साली न्यूयॉर्कमध्ये, मेंदूस नुकतीच इजा झालेल्या १०४ रुग्णांपैकी १६ जणांत असा सुप्त प्रतिसाद मिळाला. २०२४ साली अनेक केंद्रांनी मिळून, एमआरआय, विद्युत आलेख किंवा दोन्ही वापरून केलेल्या अभ्यासात बाह्यतः प्रतिसादहीन अशा २४१ रुग्णांपैकी ६० जणांत तो आढळला. उरलेल्या १८१ जणांचे काय? त्याच अभ्यासात, सांगितलेली हालचाल डोळ्यांदेखत करून दाखवणारे ११२ रुग्ण होते. त्यांच्यापैकीही केवळ ४३ जणांचा प्रतिसाद या चाचण्यांना टिपता आला.