सूर्यदर्शन आणि डोळ्यांचें रक्षण

गोदावरीच्या कांठीं ग्रहण हा स्नानाचा दिवस. गेवराई तालुक्याची उत्तर सीमा ही नदीच आंखते, आणि शनीच्या स्थानामुळें प्रसिद्ध असलेलें राक्षसभुवन याच तालुक्यांत आहे. पर्वकाळीं ग्रहण लागलें कीं नाहीं, सुटलें कीं नाहीं, हें पाहण्याची उत्सुकता कोणास नसते? त्यासाठीं घरोघरीं दोन साधनें ठरलेलीं होतीं: परातींतल्या पाण्यांत पडलेलें सूर्याचें प्रतिबिंब आणि दिव्यावर काजळी धरलेली कांच. सूर्याकडे सरळ पाहूं नये एवढें शहाणपण या दोहोंमागें होतें. उपाय मात्र दोन्ही अपुरे. सूर्य माथ्याजवळ असतां पाणी त्याच्या प्रकाशाचा शेंकडा दोन भागच परत फेंकतें, हें ऐकून बरें वाटतें; पण डोळ्यास निर्धोकपणें सोसवतो तो भाग लाखांत एक. काजळीचा थर तर कोठें दाट, कोठें विरळ. विरळ जागेंतून किती तेज आंत शिरतें याचा पत्ता पाहणारास लागत नाहीं, कारण डोळ्याच्या आंतल्या पडद्यास वेदनाच होत नाहीं. इजा होते ती निमूटपणें, आणि ती कळते कांहीं तासांनीं.

सूर्याच्या तेजापुढें दृष्टि थिटी पडते, हें आपल्या ज्योतिष्यांनीं फार पूर्वीं ओळखलें होतें. भास्कराचार्यांनीं इ. स. ११५० च्या सिद्धांतशिरोमणींत म्हटलें आहे कीं, चंद्राचा सोळावा अंश ग्रासला गेला तरी तो लक्षांत येत नाहीं, आणि सूर्याचा तर बारावा अंश ग्रासला तरी दिसत नाहीं. सबब इतकें अल्प ग्रहण जाणत्यानें वर्तवूं नये. गेवराईच्या सरळ पूर्वेस पाथरी आहे. तेंच जुनें पार्थपूर. तेथील ज्ञानराजानें इ. स. १५०३ च्या सुमारास सिद्धांतसुंदर हा ग्रंथ रचिला. गोदेच्या खोऱ्यांत गणित असें जोमांत होतें. बिंब न्याहाळण्याचें साधन मात्र अद्याप यावयाचें होतें.

तें साधन, म्हणजे दुर्बीण, सतराव्या शतकाच्या आरंभीं युरोपांत निघालें आणि धोकाहि घेऊन आलें. ६० मिलिमीटर व्यासाचें भिंग ३ मिलिमीटरच्या बाहुलीपेक्षां ४०० पट प्रकाश गोळा करतें. गॅलिलिओचा शिष्य कास्तेली यानें यावर सुरेख तोड दाखविली: दुर्बिणींतून पाहूंच नये, तिच्यामागें कागद धरून त्यावर बिंब पाडावें. सूर्यावरील डाग अशा रीतीनें कागदावर रेखाटतां येऊं लागले. विल्यम हर्शेल यानें निराळी वाट धरली. तो रंगीत कांचा लावून सूर्य पाही. कांहीं कांचांतून प्रकाश थोडा पण उष्णता फार, तर कांहींतून प्रकाश भरपूर आणि उष्णता अल्प, असें त्यास आढळलें. त्याचा माग काढतां काढतां १८०० सालीं तांबड्या रंगापलीकडील अदृश्य उष्णकिरणांचा शोध लागला. कांच काळी दिसली म्हणजे ती निर्धोक झाली, हा समज तेव्हांच मोडावयास हवा होता. तो मोडला नाहीं.

महाराष्ट्रांत या विद्येची मोठी परीक्षा झाली ती २२ जानेवारी १८९८ रोजीं, पौष अमावास्येस. खग्रास ग्रहणाची सावली कोंकणच्या किनाऱ्यावर चढली, सोलापूर जिल्ह्यांतील जेऊरवरून गेली आणि ईशान्येस वऱ्हाडांतील तळणीकडे सरकली. गेवराई या पट्ट्याच्या लगतच पडते. विजयदुर्गास नॉर्मन लॉकियर येऊन राहिले होते. हेलियमचा शोध लॉकियरनीं १८६८ सालीं विजयदुर्गावरून लावला, ही गोष्ट मोठ्या अभिमानानें सांगितली जाते. पण त्या सालीं ते इंग्लंडांतच होते आणि त्यांनीं ग्रहणावांचूनच वर्णपटदर्शकानें सूर्याच्या कडेचे ज्वालाशिखर पाहिले. विजयदुर्गाचा मान १८९८ चा आहे, आणि तो कांहीं लहान नव्हे.

जेऊर हें रेल्वेचें एक लहानसें ठाणें. तेथें अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कँपबेल यांनीं ४० फूट लांबीचा कॅमेरा उभा केला. शेजारींच पुण्याच्या महाराजा तख्तसिंहजी वेधशाळेचे प्रमुख कावसजी दादाभाई नायगमवाला यांचा तळ होता. चंद्रानें बिंब पुरतें झांकण्याच्या क्षणीं वर्णपटांतील काळ्या रेषा एकाएकीं तेजस्वी होतात. त्या क्षणाचें चित्र नायगमवालांनीं घेतलें. खग्रास अवस्था सुमारें दोन मिनिटें. तेवढा वेळ नुसत्या डोळ्यांनीं पाहण्यास हरकत नसते. मात्र पहिला किरण डोकावला कीं डोळे झांकलेच पाहिजेत. बिंबाची केवळ कोर उरली तरी त्या कोरेचें तेज उण्यांत येत नाहीं. सावलीच्या पट्ट्याबाहेर असणारांस तर ही दोन मिनिटांची सवलतहि नाहीं.

जुन्या दुर्बिणींबरोबर डोळ्याकडील भिंगावर बसविण्याची एक काळी चकती येत असे. तिजइतकी घातकी वस्तु दुसरी नाहीं. पुढील भिंगानें एकवटलेली सारी उष्णता तिच्यावर पडते, ती तापून तडकते, आणि त्या वेळीं डोळा तिच्या मागें अगदीं भिडलेला असतो. आतांची रीत याच्या उलट आहे. धातूचा अतिसूक्ष्म मुलामा दिलेला पडदा दुर्बिणीच्या सूर्याकडील तोंडावर बसवितात. तो लाखांतला एक भाग तेवढा आंत सोडतो, म्हणजे नळींत ताप शिरतच नाहीं. हा पडदा वाऱ्यानें उडणार नाहीं असा घट्ट हवा, आणि दर वेळीं उजेडासमोर धरून त्याला टांचणीएवढें छिद्र पडलें नाहीं ना, हें पाहावें लागतें. शोधक म्हणून वर जोडलेली लहान दुर्बीणहि झांकावी लागते. तिचाच विसर बहुधा पडतो. ग्रहणाचा कागदी चष्मा लावून उघड्या दुर्बिणींत पाहणें म्हणजे तर पुन्हां त्या काळ्या चकतीचाच प्रकार.

भावनगरच्या महाराजांच्या देणगींतून उभी राहिलेली पुण्याची ती वेधशाळा १९१२ सालीं बंद झाली. तिची २० इंची परावर्तक दुर्बीण दक्षिणेस कोडाईकनालच्या सूर्यवेधशाळेंत गेली, आणि तेथें ती भावनगरची दुर्बीण याच नांवानें ओळखली गेली.